बारचा वेग काय सांगतो: वेगाधारित भारप्रशिक्षणाचे विवेचन

१. प्रश्न

संध्याकाळी कोणत्याही व्यायामशाळेत गेलात तर बेंच प्रेसच्या बाकापाशी एकच आरोळी ऐकू येते: "अजून एक! अजून एक!" उचलणाऱ्याचे हात थरथरत असतात, बार अर्ध्यावर अडखळतो, डोक्यामागे उभा असलेला जोडीदार दोन बोटांचा आधार देतो आणि ते आवर्तन कसेबसे पूर्ण होते. सगळे शाबासकी देतात. पण बाकावरचा मुलगा दुसऱ्या दिवशी मैदानात उतरणारा खेळाडू असेल, तर त्या शेवटच्या आवर्तनाने त्याला काय दिले आणि त्याच्याकडून काय घेतले?

याचे बरेचसे उत्तर गेल्या पंधरा-वीस वर्षांतल्या संशोधनाने दिले आहे आणि ते बारच्या वेगातून मिळाले आहे. प्रत्येक आवर्तनात बार वर जाताना त्याचा वेग मोजायचा आणि त्यावरून त्या दिवशीचा भार व थांबण्याची जागा ठरवायची, या पद्धतीला वेगाधारित भारप्रशिक्षण म्हणतात. तिचा पाया, तिचे पुरावे आणि तिच्या मर्यादा क्रमाने पाहू.

२. जुन्या मापाची अडचण

वजनाचा व्यायाम मोजून-मापून देण्याची आधुनिक पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रुजली. अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी गुडघे दुखावलेल्या सैनिकांना वाढत्या वजनाचे व्यायाम दिले आणि १९४५ मध्ये ती पद्धत प्रसिद्ध केली. रुग्ण जेमतेम दहा वेळा उचलू शकेल ते वजन हा त्यांचा आधार होता. पुढे एकदाच उचलता येईल असे कमाल वजन, म्हणजेच जिममधले 'वन आरएम', हे प्रमाण मानले गेले. आजही बहुतेक वेळापत्रके त्याच्या टक्केवारीत लिहिली जातात: सत्तर टक्के, आठ आवर्तने, तीन सेट.

या पद्धतीत तीन अडचणी आहेत. पहिली, कमाल वजन स्थिर नसते. नवशिक्याचे कमाल वजन काही आठवड्यांतच वाढते, मग कागदावरचे सत्तर टक्के प्रत्यक्षात बासष्ट-पासष्टच उरतात. दुसरी, शरीर रोज सारखे नसते. परीक्षेचे जागरण, ताप किंवा आदल्या दिवशीचा सामना यांची दखल कागद घेत नाही. तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची आहे. त्याच सत्तर टक्क्यांवर एखादा आठ आवर्तनांत संपतो, तर दुसरा चौदापर्यंत जातो. दोघांना आठच आवर्तने दिली तर पहिला पार दमतो आणि दुसरा अर्ध्या वाटेवर थांबतो. वहीत दोघांची नोंद मात्र सारखीच होते.

३. स्नायूंचा नियम

वेगाचे माप उपयोगी पडते ते स्नायूंच्या एका मूलभूत गुणधर्मामुळे. नोबेल पारितोषिक मिळवलेले ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९३८ मध्ये बेडकाच्या स्नायूवरील प्रयोगांतून बल आणि आकुंचनाचा वेग यांचे नाते मांडले. भार वाढला की आकुंचनाचा वेग घटतो, आणि ही घट एका ठरावीक वक्ररेषेने होते. स्नायूतले सूक्ष्म तंतू एकमेकांना धरून ओढतात. आकुंचन वेगाने होत असेल तर धरायला वेळ कमी मिळतो, म्हणून बलही कमी पडते.

याचा व्यवहारातला अर्थ साधा आहे. पूर्ण जोर लावूनही बार सावकाश चालला असेल, तर त्या क्षणी तो भार त्या शरीराला जड आहे. मात्र त्यासाठी उचलणाऱ्याने प्रत्येक वेळी पूर्ण जोर लावलेला असला पाहिजे. मुद्दाम हळू उचललेल्या बारचा वेग काहीच सांगत नाही.

खेळाडूच्या दृष्टीने वेगाला आणखी एक महत्त्व आहे. पूर्ण वेगाने धावताना पाऊल जमिनीवर सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाइतकाच वेळ टेकते. कमाल बल उभे राहायला स्नायूला याच्या कित्येक पट वेळ लागतो. म्हणजे मैदानात किती बल आहे यापेक्षा थोडक्या वेळात किती बल लावता येते याला जास्त मोल असते.

४. वेगावरून भार ओळखणे

स्पेनमधील सेव्हिल येथील पाब्लो दे ओलाविदे विद्यापीठाचे होसे गोन्सालेस-बादियो आणि त्यांचे सहकारी लुईस सांचेस-मेदिना यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयाचा कोनशिला ठरला. बेंच प्रेसमध्ये भाराची टक्केवारी आणि बारचा सरासरी वेग यांचे नाते त्यांनी तपासले. ते विलक्षण घट्ट निघाले. कमाल वजनाच्या सत्तर टक्क्यांवर वेग सेकंदाला सुमारे ०.६२ मीटर, नव्वद टक्क्यांवर सुमारे ०.३२ मीटर आणि कमाल वजनावर सुमारे ०.१६ मीटर.

यापुढचा भाग अधिक बोलका आहे. अभ्यासात भाग घेतलेल्यांपैकी ५६ जणांची सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर पुन्हा चाचणी झाली. त्यांचे कमाल वजन सरासरी ९.३ टक्क्यांनी वाढले होते, पण प्रत्येक टक्केवारीला असणारा वेग जवळजवळ तसाच राहिला होता. माणूस बलवान झाला तरी त्याच्या सत्तर टक्क्यांचा वेग बदलला नाही. त्यामुळे दर काही आठवड्यांनी धोका पत्करून कमाल वजन उचलून पाहण्याची गरज बरीच कमी झाली. सरावाच्या पहिल्याच काही आवर्तनांचा वेग पाहून त्या दिवशीचा भार ठरवता येऊ लागला.

हे आकडे बेंच प्रेसचे आहेत. स्क्वॉटमध्ये कमाल वजनाचा वेग सेकंदाला सुमारे ०.३० मीटर असतो. प्रत्येक व्यायामाची वेगपट्टी वेगळी असते आणि एकीचे आकडे दुसरीला लावता येत नाहीत.

५. वेगातील घट: या संशोधनाचा गाभा

भार ठरवण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व थांबण्याची जागा ठरवण्याला आहे. याच दोघांनी २०११ मध्ये दाखवले की एका सेटमध्ये वेग जितका घटतो, तितके रक्तातले लॅक्टेट वाढते आणि व्यायामानंतरची उभी उडी घटते. वेगातली घट हे थकव्याचे माप ठरले, आणि सुई न टोचता, काम चालू असतानाच मिळणारे माप ठरले.

एक सेट जवळून पाहू. उदाहरणादाखल, स्क्वॉटमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपासचा भार घेतला आहे. पहिले आवर्तन ०.८० मीटर प्रति सेकंद, पुढची ०.७९, ०.७६, ०.७२, ०.६७ आणि सहावे ०.६२. वीस टक्के घटीची मर्यादा ठेवली असेल तर उंबरठा ०.६४ वर आहे, म्हणून सहाव्या आवर्तनानंतर बार रॅकवर ठेवायचा. खेळाडूला आणखी चार-पाच आवर्तने सहज निघाली असती. ती काढायची की नाही, हाच वादाचा मुद्दा आहे.

फर्नांदो पारेखा-ब्लांको आणि सहकाऱ्यांच्या २०१७ मधल्या अभ्यासात या वादाचा थेट कस लागला. दोन गटांनी आठ आठवडे स्क्वॉट केले. भार सारखा, सत्रे सारखी. एका गटाने वेग वीस टक्के घटल्यावर सेट थांबवला, दुसऱ्याने चाळीस टक्के घट होईपर्यंत चालू ठेवला. दुसऱ्या गटाचे निम्म्याहून अधिक सेट पूर्ण दमछाकीपर्यंत गेले. पहिल्या गटाची एकूण आवर्तने चाळीस टक्क्यांनी कमी होती. तरीही दोन्ही गटांची स्क्वॉटमधली ताकद सारखीच वाढली. उभी उडी मात्र पहिल्या गटाची ९.५ टक्के वाढली आणि दुसऱ्याची ३.५ टक्के.

चाळीस टक्क्यांच्या गटाला काहीच मिळाले नाही असे नव्हे. त्यांच्या मांडीचे स्नायू आकाराने अधिक वाढले. पण सर्वांत जलद आकुंचन पावणाऱ्या तंतूंचे प्रमाण त्यांच्यात घटले, आणि वीस टक्क्यांच्या गटात ते टिकले. स्नायूंचा आकार हेच ध्येय असलेल्याला दमछाकीचे मोल मिळते. उडी आणि धाव हे ध्येय असलेला खेळाडू मात्र तिची किंमत नको त्या जागी मोजतो.

६. इराद्याचे महत्त्व

मग हलक्या वजनाने भरभर व्यायाम केला की झाले का? नाही. डेव्हिड बेम आणि डिग्बी सेल यांनी १९९३ मध्ये एक मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. सोळा आठवडे प्रत्येकाने एका पायाच्या घोट्याने वेगवान हालचाल केली. दुसरा पाय जखडलेला होता, त्याने झटक्याने हलवण्याचा फक्त प्रयत्न केला. दोन्ही पायांत वेगवान बलाची वाढ सारखी झाली. प्रत्यक्ष वेगाइतकाच, किंवा त्याहून अधिक, वेगाचा इरादा मज्जासंस्थेला घडवतो.

गोन्सालेस-बादियो यांच्या २०१४ च्या अभ्यासानेही याला दुजोरा दिला. एका गटाने बेंच प्रेसचे प्रत्येक आवर्तन शक्य तितक्या वेगाने केले, दुसऱ्याने त्याच भारावर मुद्दाम निम्म्या वेगाने. सहा आठवड्यांनंतर कमाल वजनातली वाढ पहिल्या गटात १८.२ टक्के होती, दुसऱ्यात ९.७ टक्के. म्हणून जड बार सावकाश चालला तरी चालेल, तो ढकलणाऱ्याच्या मनात कसर नको. समोरच्या पडद्यावर वेगाचा आकडा दिसत राहिला तर खेळाडू जोर टिकवून धरतात, हे रग्बी खेळाडूंवरच्या अभ्यासांतही दिसले आहे.

७. टक्केवारीशी तुलना

हॅरी डोरेल आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये सरावलेल्या १६ पुरुषांवर दोन्ही पद्धतींची सहा आठवडे तुलना केली. स्क्वॉटमध्ये दोन्ही गट जवळपास सारखे सुधारले. बेंच प्रेसमध्ये वेगाच्या गटाची वाढ ८ टक्के, तर टक्केवारीच्या गटाची ४ टक्के. उडीत ५ विरुद्ध १ टक्का. वेगाच्या गटाने एकूण वजनही कमी उचलले होते.

मात्र पुढे अनेक अभ्यास एकत्र मांडले गेले तेव्हा निव्वळ ताकदीच्या वाढीत दोन्ही पद्धतींत फारसा फरक उरला नाही. हा निष्कर्ष प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. वेगपद्धत अधिक ताकद देते असा दावा टिकत नाही. तेवढीच ताकद कमी थकव्यात मिळते, हा दावा टिकतो.

८. मर्यादा

पायाभूत अभ्यासांतली बरीच मोजमापे स्मिथ मशीनवर झाली, जिथे बार ठरलेल्या खाचेतच वर-खाली जातो. मोकळ्या बारवर गोष्ट बदलते. हॅरी बॅनयार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मोकळ्या स्क्वॉटचा वेग पाहून कमाल वजनाचा अंदाज बांधला, तेव्हा तो प्रत्यक्षापेक्षा जास्त निघाला. वेगाचे नाते व्यक्तीगणिकही बदलते, म्हणून सर्वांसाठीच्या सूत्रापेक्षा खेळाडूची स्वतःची वेगपट्टी अधिक भरवशाची असते. बहुतेक अभ्यास तरुण पुरुषांवर, सहा ते आठ आठवड्यांचे आहेत. स्त्रिया, किशोरवयीन मुले आणि संपूर्ण हंगाम यांच्यापर्यंत त्यांचे आकडे जसेच्या तसे ताणू नयेत.

९. साधनाविना काय करता येईल

बारला बांधलेल्या दोरीवरून वेग मोजणारी यंत्रे अचूक असतात, पण महाग असतात. हाताशी असलेल्या मोबाइलवरही बरेच काम भागते. बेंच प्रेसमध्ये छातीपासून हात सरळ होईपर्यंतचे अंतर टेपने मोजा, समजा ते ४० सेंटिमीटर आहे. सेकंदाला २४० चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात बार निघाल्यापासून पोहोचेपर्यंत १५६ चित्रे मोजली, तर वेळ ०.६५ सेकंद आणि वेग सुमारे ०.६२ मीटर प्रति सेकंद. तोच व्यायाम, बार खाली नेण्याची तीच खोली, कॅमेऱ्याचा तोच कोन राखला तर आठवड्यामागून आठवडा तुलना करता येते.

तेही नसेल तर शिक्षकाची सरावलेली नजर उरते. पहिल्या आवर्तनाचा झपाटा लक्षात ठेवायचा आणि बार स्पष्टपणे मंदावला की थांबवायचे. आकड्याइतके हे नेमके नाही, पण "अजून एक" या आरोळीपेक्षा खेळाडूच्या हिताचे आहे.

१०. निष्कर्ष

पुराव्यातून चार विधाने ठाम करता येतात. पूर्ण जोराने उचललेल्या बारचा वेग त्या दिवशीचा भार सांगतो. सेटमधली वेगाची घट थकवा सांगते. उडी आणि धाव हे ध्येय असेल तर वेग वीस टक्क्यांच्या आसपास घटल्यावर थांबणे दमछाकीपर्यंत जाण्यापेक्षा श्रेयस्कर आहे. आणि या सगळ्याआधी प्रत्येक आवर्तनात झटका हवा.

कबड्डी, खो-खो, कुस्ती, अ‍ॅथलेटिक्स शिकवणाऱ्या प्रत्येक मार्गदर्शकाला माझी कळकळीची विनंती आहे. मुलाच्या वहीत किलो आणि आवर्तनांशेजारी तिसरा रकाना आखा: सेट कुठे थांबवला आणि का. तुमचा खेळाडू संध्याकाळी मैदानात उतरणार आहे. त्याच्या पायांतला झटका व्यायामशाळेत खर्च होऊ देऊ नका.