उजनीचा किनारा : सहलीच्या खिडकीतून दिसणारा आणि न दिसणारा इतिहास

१/
पुणे जिल्ह्याला समुद्र नाही; किनारा मात्र आहे. इंदापूर तालुक्याच्या कडेने भीमेचे अडवलेले पाणी दूरवर पसरलेले आहे. या पाण्याच्या काठाने दर हिवाळ्यात सहलीच्या बसगाड्या धावतात. मार्चच्या पहिल्या आठवड्यात अशाच एका दीड दिवसाच्या सहलीत मी सामील झालो होतो. बारामती, भिगवण, पळसदेव, इंदापूर असा मार्ग. सोबत मार्गदर्शक आणि हातात छापील वेळापत्रक. आजचा धागा त्या सहलीविषयी आणि त्या वेळापत्रकात नसलेल्या गावांविषयी.

२/
प्रथम ‘मार्गदर्शित सहल’ या प्रकाराविषयी थोडेसे. ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक याने इंग्लंडमधील लेस्टर येथून लफबरोपर्यंत काही शे लोकांना खास आगगाडीने नेऊन आणले. आधुनिक सहलव्यवसायाच्या इतिहासात या दिवसाचा उल्लेख हमखास येतो. आपल्याकडे सहलीपूर्वी यात्रा होती आणि यात्रेकरूला वाट दाखवणारा क्षेत्रोपाध्याय होता. तो आपल्या वहीत यात्रेकरूचे गाव, कूळ, वडील व आजोबा यांची नावे लिहून घेई. आजचा मार्गदर्शक प्रवाशांची फक्त शिरगणती करतो. हा फरक लक्षात ठेवा. शेवटी त्याकडे परत येऊ.

३/
पहिला थांबा बारामती. कऱ्हेच्या काठचे हे गाव मराठी वाचकाला मोरोपंतांमुळे परिचित आहे. १७२९ मध्ये पन्हाळ्यावर जन्मलेला हा कवी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीस स्थिरावला आणि १७९४ मध्ये येथेच निवर्तला. आमच्या मार्गदर्शकाने ही माहिती उत्तम सांगितली. नंतर बस गावाबाहेर पडली, खिडकीबाहेर उसाचे मळे सुरू झाले आणि निवेदन थांबले. बहुधा ऊस हा ‘इतिहास’ नव्हे, अशी समजूत असावी.

४/
वास्तविक या हिरवाईलाही जन्मसाल आहे. बारामती-इंदापूर हा मूळचा पर्जन्यछायेचा, अवर्षणाचा मुलूख. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळाने दख्खन होरपळल्यानंतर ब्रिटिश सरकारच्या पाटबंधारे योजनांना वेग आला. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला आणि त्यास भाटघरच्या धरणाचे पाणी मिळू लागले. कालव्याखालचा बागायती पट्टा आणि पाणी न पोहोचलेला जिरायती पट्टा अशी या तालुक्याची जी विभागणी आजही लोकांच्या बोलण्यात असते, तिचे मूळ येथे आहे.

५/
दुसऱ्या दिवशी पहाटे भिगवण. उजाडण्यापूर्वीच आम्ही कुंभारगावच्या काठावर उभे होतो. रोहित पक्ष्यांचा थवा उथळ पाण्यात माना बुडवून चरत होता. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब अजून परतले नव्हते. होड्या हाकणारी स्थानिक मुले पक्ष्यांची नावे मराठीत व इंग्रजीत बिनचूक सांगत होती. यांतील अनेकांची घरे मासेमारीवर चालतात. पक्षी दाखवणे हा अलीकडे लाभलेला जोडधंदा. मार्गदर्शक म्हणाले, “ही निसर्गाने आपल्याला दिलेली देणगी आहे.” हे वाक्य मी वहीत टिपून घेतले.

६/
कारण ही देणगी निसर्गाची नाही. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात उजनी येथे भीमेवर धरण बांधण्यास १९६६ मध्ये प्रारंभ झाला आणि १९८० मध्ये ते पूर्ण झाले. जलाशयास ‘यशवंतसागर’ असे नाव मिळाले. एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी. धरण सोलापूर जिल्ह्यात असले, तरी त्याचा फुगवटा मागे पुणे व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांपर्यंत पोहोचला. म्हणजे ज्या किनाऱ्यावर आम्ही उभे होतो, त्याचे वय अर्धशतकही नाही. तेथे उभ्या असलेल्या आजोबांपेक्षा तो किनारा तरुण होता.

७/
या पाण्याखाली पन्नासहून अधिक गावे गेली. नदीकाठची काळी कसदार जमीन, मळ्यांतील विहिरी, घाट, पार, स्मशाने, आठवडे बाजाराच्या जागा, सारे त्यांसह गेले. अवर्षणग्रस्त मुलखात भीमेचा काठ हाच काय तो सुपीक पट्टा, आणि नेमका तोच बुडाला. सोलापूर जिल्ह्याच्या शेतीला या पाण्याने नवे रूप दिले, हे निर्विवाद. परंतु लाभ जेथे झाला आणि किंमत जेथे मोजली गेली, ती ठिकाणे बव्हंशी वेगळी होती.

८/
काळाचा क्रम पाहण्याजोगा आहे. धरणाचे काम १९६६ चे. प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्राने केलेला स्वतंत्र कायदा १९७६ चा. मधल्या दहा वर्षांत भिंत उंचावत होती आणि पुनर्वसनाचे नियम घडत होते. पुणे जिल्ह्याला हा प्रश्न नवा नव्हता. १९२१ ते १९२४ या काळात मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला होता. मुळशीचे नाव पाठ्यपुस्तकात आले. उजनीकाठच्या गावांची नावे त्यांतील किती जणांस सांगता येतील?

९/
होडीत आम्ही सहा जण होतो. परतताना नावाड्याने इंजिन बंद केले आणि पाण्याकडे बोट दाखवून सहज म्हणाला, “दादा, आमच्या आजोबांची विहीर इथंच खाली आहे. बारा महिने पाणी असायचं म्हणत्यात.” बारमाही पाण्याची विहीर पाण्याखाली बुडालेली! कोणी काही बोलले नाही. मग एकाने रोहिताचे छायाचित्र काढले आणि इंजिन पुन्हा सुरू झाले. त्या सहलीत मी ऐकलेले खऱ्या अर्थाने ऐतिहासिक असे हे एकच वाक्य, आणि ते मार्गदर्शकाचे नव्हते.

१०/
जवळच डिकसळ. १८५८ मध्ये पुण्याहून निघालेला लोहमार्ग आधी येथवर आला आणि १८६० मध्ये सोलापुरास पोहोचला. मुंबई-ठाणे गाडी धावून जेमतेम पाच वर्षे झाली होती. म्हणजे हे खेडे काही महिने भारताच्या रेल्वे नकाशावरचे शेवटचे टोक होते. धरणामुळे पुढे लोहमार्ग वळवावा लागला आणि भीमेवरील जुना रेल्वेपूल इंदापूर व करमाळा तालुक्यांतील लोकांच्या रस्तेवाहतुकीच्या उपयोगी पडला. बस तेथे थांबली नाही. वेळापत्रकात तो थांबा नव्हता.

११/
जलाशयाने दोन तालुक्यांतील जुने आप्तसंबंधही दुभंगले. पूर्वी नदी ओलांडली की पलीकडचे गाव. आता तेथे जाण्यास लांबचा वळसा किंवा होडी. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे येणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. आम्ही ज्या पाण्यावर तासभर हौसेने फिरलो, ते पाणी कित्येकांच्या नित्याच्या वाटेत उभे आहे.

१२/
पुढचा थांबा पळसदेव. जुने गाव पाण्यात गेले आणि नवे पुणे-सोलापूर महामार्गाच्या बाजूस वसले. जुन्या गावातील पळसनाथाचे प्राचीन मंदिर मात्र जागीच राहिले. पाणी ओसरू लागले की आधी शिखर दिसते, आणखी ओसरले की मंडप, खांब, शिल्पे, वीरगळ उघडे पडतात. दगडी बांधकाम तग धरून राहते. मातीच्या भिंती विरघळतात. म्हणून देवाचे घर उरले आणि माणसांची घरे उरली नाहीत. तळाचा हा ‘पुरावा’ वाचताना आपण हा पक्षपात ध्यानात घेतला पाहिजे.

१३/
याच दशकांत जगात दुसरीकडे काय चालले होते? इजिप्तमध्ये आस्वानच्या धरणाखाली अबू सिंबेलची मंदिरे बुडू नयेत, म्हणून युनेस्कोच्या पुढाकाराने १९६४ ते १९६८ या काळात ती कापून उंचावर पुन्हा उभारण्यात आली. आपल्या दक्षिणेत श्रीशैलम धरणाच्या वेळी कुडवेल्लीचे संगमेश्वर मंदिर आलमपूर येथे हलवले गेले. पळसनाथाच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. तथापि, अबू सिंबेलची मंदिरे उचलली गेली, तेव्हाही न्युबियातील हजारो सामान्य माणसांची गावे बुडालीच. जगभर दगडाला जे संरक्षण मिळाले, ते गावाला क्वचितच मिळाले.

१४/
आता या धाग्याच्या गाभ्याकडे येतो. उजनीच्या ११७ टीएमसीपैकी सुमारे ६३ टीएमसी हा मृतसाठा आणि सुमारे ५३ टीएमसी हा उपयुक्त साठा. उपयुक्त साठा संपला की पातळी शून्य टक्के धरली जाते आणि त्याखाली ‘उणे’ टक्क्यांची भाषा सुरू होते. २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी असेच उण्यात खोलवर उतरले. पळसनाथ मोकळा झाला. आम्ही इतिहासप्रेमी हर्षभरित झालो, छायाचित्रे झळकली, गर्दी लोटली.

१५/
त्याच दिवसांत काठावरचा शेतकरी मोटारी व पाइप घेऊन मागे सरणाऱ्या पाण्याचा पाठलाग करत होता. रोज पाणी मागे, रोज पाइप पुढे. म्हणजे आपल्या जिज्ञासेचा हंगाम हा त्याच्या विपत्तीचा हंगाम असतो. गाव दिसावे तर दुष्काळ पडावा लागतो. सुकाळ असला की गाव दिसत नाही. रोहित पक्ष्यांनाही उथळ पाणी लागते, म्हणून पाणी ओसरू लागल्यावर, गाळपेरीची जमीन उघडी पडू लागल्यावरच त्यांचे थवे वाढतात. हे गणित मनात ठेवून तेथे गेले पाहिजे.

१६/
दुपारच्या जेवणात भिगवणच्या परिसरात प्रसिद्ध असलेली मासळी होती, चिलापी. मूळचा आफ्रिकेतील हा मासा आज उजनीच्या मासेमारीवर प्रभाव गाजवतो. आणखी एक गोष्ट ताटासमोर कोणी काढत नाही. मुळा-मुठेचे पाणी भीमेतून याच जलाशयात येते आणि त्यासोबत पुणे व पिंपरी-चिंचवड या शहरांचे सांडपाणीही. पुणेकर सहलीला येथे पोहोचण्यापूर्वीच त्याचे पाणी पोहोचलेले असते.

१७/
शेवटचा थांबा इंदापूर. शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे भोसले येथील लढाईत पडले, असे परंपरा सांगते. शिवभारतातही इंदापूरचा संबंध येतो. त्यांच्या मृत्यूच्या वर्षाविषयी साधनांत एकवाक्यता नाही. पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत पुणे व सुपे यांच्याबरोबर इंदापूरही होते. येथे मार्गदर्शकांचा स्वर चढला, प्रवासी सावरून बसले आणि सर्वांनी नमस्कार केला. ते योग्यच होते. मला एवढेच वाटले, की चारशे वर्षांपूर्वीच्या मृत्यूस आपण मान देतो, मग चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी उठलेल्या गावांसाठी त्याच वाटेवर एक वाक्य का असू नये?

१८/
यात मार्गदर्शकांचा दोष काढण्याचा हेतू नाही. त्यांना जे लिहून दिले जाते, तेच ते सांगतात. आणि प्रवाशांनी विचारले नाही, तर उत्तरही तयार होत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने कोणत्याही सहलीत तीन प्रश्न विचारावेत. हे दृश्य केव्हा घडले? बस कोठे थांबली नाही? आणि जे दिसते आहे, ते टिकून का राहिले? या तीन प्रश्नांनी सहलीची मजा कमी होत नाही. मी परतताना रोहितांचे थवे पुन्हा पाहिले. ते तितकेच सुंदर होते.

१९/
क्षेत्रोपाध्यायांच्या वहीकडे परत येतो. गाव उठताना जे वीस वर्षांचे होते, ते आज पासष्टी-सत्तरीत आहेत. जुन्या गावाचा नकाशा अभिलेखागारात असेल. पण मळ्यांची नावे, घाटांची नावे, कोणत्या पारावर कोण बसे, उतार कोठे होता, हे फक्त त्यांच्या स्मरणात आहे. पळसनाथाचे मंदिर पुढच्या दुष्काळातही दिसेल. ही माणसे तोवर असतीलच, असे नाही. पुरावा म्हणून दगड थांबू शकतो, आठवण थांबत नाही.

२०/
तेव्हा एक विनंती. हा धागा वाचणाऱ्यांपैकी कोणाचे आजोळ वा मूळ गाव उजनीच्या पाण्याखाली गेले असेल, तर येत्या सुट्टीत आजी-आजोबांजवळ वही घेऊन बसा. गावाचे नाव, शेजारच्या गावांची नावे, विहिरी, वाटा, जत्रेची तिथी, निघण्याचा दिवस, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. तारीख घाला, सांगणाऱ्याचे वय घाला. लिहून झाले की एक प्रत घरात ठेवा आणि एक गावच्या शाळेत द्या. पुढच्या वेळी बस काठावर थांबेल, तेव्हा मार्गदर्शकाच्या हाती तुमची वही असू द्या.

लेखनसीमा.