आचार्यऋण आणि चिकित्सा : बाबासाहेबांच्या स्मरणातील प्राध्यापक

विनयपिटकातील महावग्गात उपज्झाय व सद्धिविहारिक यांची परस्परांविषयीची कर्तव्ये विस्ताराने सांगितली आहेत. उपज्झायाने शिष्याला पुत्राप्रमाणे लेखावे, शिष्याने उपज्झायाला पित्याप्रमाणे, हा त्यातील भाग सर्वपरिचित आहे. परंतु त्याच ठिकाणी असेही सांगितले आहे की, उपज्झायाच्या ठायी मिथ्या दृष्टी उत्पन्न झाल्यास ती दूर करण्याचा प्रयत्न सद्धिविहारिकाने करावा. शिष्याला हा अधिकार देणारी परंपरा आणि एकलव्याकडून अंगठा मागणारी परंपरा यांतील अंतर निराळे सांगावयास नको. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या प्राध्यापकांचे जे स्मरण ठेवले, ते यांपैकी पहिल्या परंपरेला जवळचे आहे.

एल्फिन्स्टन महाविद्यालयात विद्यार्थी असताना प्रा. मुल्लर यांनी त्यांना पुस्तके व कपडे दिल्याचे चरित्रकार धनंजय कीर यांनी नोंदविले आहे. त्याच महाविद्यालयात उपाहारगृहाचा चालक त्यांना चहा-पाणी देत नसे. प्राध्यापकाचा स्नेह होता, पण सभोवतालची व्यवस्था तशीच होती. १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले आणि १९१६ पर्यंत तेथे राहिले. पुढे १९३० मध्ये त्या विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात त्यांनी म्हटले की, आपल्याला आयुष्यात लाभलेले उत्तम मित्र म्हणजे कोलंबियातील काही सहाध्यायी आणि जॉन ड्युई, जेम्स शॉटवेल, एडविन सेलिग्मन व जेम्स हार्वे रॉबिन्सन हे थोर प्राध्यापक. प्राध्यापकांची गणना त्यांनी गुरूंमध्ये केली नाही, मित्रांमध्ये केली. बावीस वर्षांच्या ज्या तरुणाला मायदेशी शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावण्याची मुभा नव्हती, त्याच्या लेखणीतून हा शब्द आला आहे.

यांपैकी ड्युई हे वक्ते म्हणून प्रभावी नव्हते. त्याच काळात कोलंबियात शिकलेले आणि पुढे तेथेच तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झालेले अर्विन एडमन यांनी १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत ड्युईंच्या वर्गाचे चित्र रेखाटले आहे. समोर काही चुरगळलेले कागद, दृष्टी खिडकीबाहेर, वाक्यांमध्ये दीर्घ विराम. एडमन यांना प्रथम हे सारे कंटाळवाणे वाटले. नंतर आपली टिपणे वाचताना त्यांना उमगले की, व्याख्यान विस्कळीत नव्हतेच. एक मनुष्य आपल्यासमोर प्रत्यक्ष विचार करीत होता आणि आपण ते ऐकत होतो. बाबासाहेबांच्या मनावर ही लकब किती खोल उमटली होती, याची साक्ष माईसाहेब आंबेडकर यांनी दिली आहे. वर्ग सुटून तीस वर्षे लोटल्यावरही ते ड्युईंच्या शिकविण्याच्या ढबीची आनंदाने नक्कल करीत असत. गंभीर प्रकृतीच्या ग्रंथकाराची ही बाजू आपल्या लेखनात फारशी येत नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

सेलिग्मन यांच्याशी त्यांचा संबंध निराळ्या स्वरूपाचा होता. १९१६ मध्ये लंडनला जाताना सेलिग्मन यांनी तेथील अर्थशास्त्रज्ञांना त्यांच्याविषयी शिफारसपत्र दिले. १९१७ साली भारतात परतताना त्यांचे सामान नेणारी आगबोट पाणतीराने बुडाली आणि प्रबंधाचे हस्तलिखित गेले. ती हकीकत त्यांनी १९२२ मध्ये सेलिग्मन यांनाच पत्राने कळविली. प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली निघाला, तेव्हा प्रस्तावना लिहिताना सेलिग्मन यांनी त्यातील वस्तुनिष्ठ मांडणीचा आणि निःपक्षपाती विश्लेषणाचा गौरव केला.

अधिक उद्बोधक प्रकरण आहे ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे प्रा. एडविन कॅनन यांचे. रुपयाच्या प्रश्नावरील १९२३ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी कॅनन यांचे ऋण फेडता न येण्यासारखे आहे असे लिहिले, आणि त्यांच्या कठोर परीक्षणामुळे आपण अनेक चुकांपासून वाचलो, हेही नमूद केले. त्याच ग्रंथाला प्रस्तावना लिहिताना कॅनन यांनी सांगून टाकले की, सुवर्ण विनिमय पद्धतीला लेखकाचा असलेला विरोध आपणास मान्य नाही व त्याचे बहुतेक युक्तिवादही पटत नाहीत. तरीही काही ठिकाणी त्याचा घाव अचूक बसतो, आणि तो चुकला असे वाटते तेथेही त्याच्या विचारांत ताजेपणा आहे. विद्यार्थ्याने मत बदलले नाही, आचार्याने प्रस्तावना नाकारली नाही. आपल्याकडील विद्यापीठांत असे किती वेळा घडले असेल, याचा विचार वाचकांनी करावा. याच बाबासाहेबांनी १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे अध्यापन सुरू केले, तेव्हा प्राध्यापकांच्या दालनातील माठातून त्यांनी पाणी घेण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती.

'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ च्या भाषणात ड्युई आपले शिक्षक होते व आपण त्यांचे फार ऋणी आहोत, असा स्पष्ट उल्लेख येतो. समाजाने गतकाळातील सारेच जतन करू नये, उत्तम भवितव्याला उपकारक तेवढेच पुढील पिढीला द्यावे, हा ड्युईंचा शिक्षणविषयक विचार तेथे हिंदू समाजव्यवस्थेवर शस्त्रासारखा वापरला आहे. ड्युईंनी तो जातीसंबंधी मांडलेला नव्हता. यावरून काही अभ्यासक बाबासाहेबांचे सारे चिंतन ड्युईंपासून निघाले असे सुचवितात, ते मात्र ग्राह्य नाही. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र त्यांच्या हाती दिले, ते कोलंबियाला जाण्यापूर्वी कित्येक वर्षे. कोलंबियातून साधने मिळाली, दिशेचा शोध मात्र त्यांचा स्वतःचा होता.

ड्युईंचे असेच एक ऋण चीनमध्ये मानले गेले. १९१५ ते १९१७ या काळात त्यांच्याकडे शिकलेले हू शी यांनी आपल्या धाकट्या मुलाचे नावच ड्युईंच्या स्मरणार्थ ठेवले. पुढे याच हू शी यांनी तुनहुआंग येथील हस्तलिखितांच्या आधारे चिनी ध्यान संप्रदायाच्या रूढ इतिहासाची कठोर चिकित्सा केली.

१९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्माननीय पदवी देण्याचे ठरविले. त्या निमित्ताने ड्युईंची भेट होईल, अशी त्यांना आशा होती. १ जून रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, ड्युई निवर्तले. त्या वेळी बाबासाहेब प्रवासात होते. आपले सारे बौद्धिक जीवन आपण त्यांना देणे लागतो, असे त्यांनी माईसाहेबांना पत्राने कळविले. ५ जूनला पदवीदान झाले.