मद्रासचे बिनतारी हौशी

भारतातील नभोवाणीची हकीगत सांगावयाची म्हणजे मुंबईपासून आरंभ करावयाचा, असा प्रघात पडून गेला आहे. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले, हे खरेच. पण त्याच्या तीन वर्षे आधी मद्रास शहरात, म्हणजे आजच्या चेन्नईत, काही हौशी मंडळींनी पदरमोड करून आपला आवाज आकाशात सोडला होता.

या मंडळींचे अध्वर्यू सी. व्ही. कृष्णस्वामी चेट्टी. त्यांच्या पुढाकाराने १६ मे १९२४ रोजी मद्रास प्रेसिडेन्सी रेडिओ क्लब स्थापन झाला आणि ३१ जुलैला त्याचे कार्यक्रम सुरू झाले. पहिला प्रक्षेपक अवघा ४० वॉटचा. घरातल्या जुन्या विजेच्या दिव्याला लागावी तेवढीच त्याची शक्ती. पुढे २०० वॉटचा आला. संध्याकाळी गाणी आणि भाषणे होऊ लागली. पण वर्गणीच्या पैशांवर हा संसार किती दिवस चालावा? ऑक्टोबर १९२७ मध्ये, मुंबईचे केंद्र सुरू होऊन तीन महिने होतात न होतात तोच, मद्रासचा क्लब द्रव्याभावी बंद पडला. मंडळींनी यंत्र भंगारात घातले नाही. ते मद्रास महापालिकेच्या स्वाधीन केले. १ एप्रिल १९३० पासून पालिकेने नियमित प्रक्षेपण आरंभिले आणि उद्यानांत व समुद्रकिनाऱ्यावर कर्णे लावून, ज्यांच्या घरी यंत्र नव्हते त्यांनाही गाणे ऐकविले. १६ जून १९३८ रोजी मद्रासला ऑल इंडिया रेडिओचे केंद्र सुरू झाले. श्रोतेहो, ज्या संस्थेची भाषणे आपण ऐकत आला आहा, तिचे मद्रासमधील मूळ असे एका छंदात आहे.

नभोवाणी सरकारकडे गेली, तरी छंद उरलाच. नभोवाणीत एकाने बोलावे आणि सर्वांनी ऐकावे. हौशी बिनतारीत प्रत्येकजण बोलतोही आणि ऐकतोही. १९३९ साली महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी मंडळींचे परवाने रद्द केले. युद्धानंतर ते पुन्हा मिळू लागले. आज बारा वर्षांच्या मुलालाही परीक्षा देऊन परवाना मिळविता येतो.

हा नवा परवानाधारक हाती छोटे यंत्र घेऊन मरीना किनाऱ्यावर उभा राहिला, तर काय होईल? १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. माणसाच्या छातीच्या उंचीवरून सुटलेल्या लहरीचे क्षितिज पाच किलोमीटरवर संपते. मध्ये इमारती आल्या तर त्याही आधी. चेन्नई तर सपाट शहर. म्हणून परंगीमलैसारखी सुमारे ३०० फुटांची टेकडी किंवा एखादी उत्तुंग गच्ची पाहून तेथे रिपीटर बसवितात. तेवढ्या उंचीवरून क्षितिज चाळीस किलोमीटरच्या आसपास जाते. रिपीटर एका कंप्रतेवर क्षीण आवाज ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या कंप्रतेवर तो जोराने परत सोडतो. दोहोंतील अंतर बहुधा ६०० किलोहर्ट्झ असते. काही रिपीटरांना आवाजाखाली एक मंद सूरही द्यावा लागतो. तो नसेल तर दार उघडत नाही.

नवख्याने प्रथम चार दिवस नुसते ऐकावे, असे मी म्हणेन. मग कळ दाबून क्षणभर थांबावे, नाहीतर पहिले अक्षर गिळले जाते. आपले संकेतनाम सांगावे आणि थोडक्यात बोलावे. एकजण बोलत असता साऱ्या शहराची वाट अडलेली असते. म्हणून दोन बोलण्यांच्या मध्ये थोडी फट ठेवतात. कोणी संकटात असेल तर त्याला तेथून हाक मारता यावी. गप्पिष्टांसाठी रिपीटरात घड्याळही असते. ते ठरल्या वेळी निर्दयपणे तोंड बंद करते.

चेन्नईच्या उत्तरेस श्रीहरिकोटा आहे. तेथून ५ मे २००५ रोजी हॅमसॅट हा ४२.५ किलोंचा उपग्रह हौशी मंडळींसाठी सोडण्यात आला. तत्त्व रिपीटरचेच, टेकडी मात्र सहाशे किलोमीटरांहून उंच! त्यातील एक यंत्र भारतीयांनी तर दुसरे एका डच विद्यार्थ्याने तयार केले होते. ठरविलेल्या आयुष्याहून कितीतरी अधिक काळ तो चालला आणि जुलै २०१४ मध्ये विद्युत्‌घट निकामी होऊन मुका झाला.

जमिनीवरच्या रिपीटराचा प्राणही त्याच्या विद्युत्‌घटातच असतो. डिसेंबर २०१५ च्या महापुरात चेन्नईच्या कित्येक भागांत वीज गेली, भ्रमणध्वनी मुके झाले. अशा वेळी टेकडीवरचे यंत्र बोलते राहावे, तर कोणीतरी वर्षानुवर्षे तो घट बदललेला, तारा तपासलेल्या आणि गच्चीच्या मालकाची मनधरणी केलेली असावी लागते. या कामाला पगार नसतो. खर्च अजूनही वर्गणीतूनच निघतो. तेव्हा नवख्याने आपले संकेतनाम उच्चारण्याआधी ती कोणाकडे भरावयाची, हेही विचारून घ्यावे.