डोळ्यात भरेल असं करा

सोलापुरात फ्लेक्सला ‘डिजिटल’ म्हणतात. वाढदिवस असो, निवड असो की श्रद्धांजली, ‘चौकात डिजिटल लावलंय’ एवढं म्हटलं की समोरच्याला कळतं. ते छापणाऱ्या दुकानात गिऱ्हाईक मोबाइलवरून फोटो पाठवतं, नावांची यादी देतं आणि जाताजाता सांगतं, ‘जरा डोळ्यात भरेल असं करा.’ कॉम्प्युटरवर बसलेल्या पोराला तेवढं पुरतं. तो मुख्य चेहरा आणखी मोठा करतो, नावाला पिवळा रंग देतो, पिवळ्याला लाल कड, लाल कडेला पांढरी कड आणि सगळ्याच्या मागे काळी सावली. खालच्या कार्यकर्त्यांचे चेहरे तेवढ्या प्रमाणात बारीक होतात.

याच शहरात कुणीतरी रात्री जागून पाककृतींची किंवा स्पर्धा परीक्षांची वेबसाइट चालवत असतो. त्याचाही घोर हाच. जाहिरात वर ठेवावी की मजकुराच्या मधे, तिला चौकट ठेवावी की काढावी, रंग कोणता द्यावा, म्हणजे वाचणाऱ्याचं बोट तिच्यावर पडेल आणि चार पैसे सुटतील. हे दोघे एकाच घराण्यातले. त्या घराण्याचा हा मागोवा.

मूळ पुरुष शोधायचा तर हलगीपर्यंत जावं लागतं. दवंडी द्यायची म्हणजे आधी हलगी शेकायची, कातडं तापून ताणलं की कडक आवाज येतो. मग वेशीत, पारापाशी, चावडीसमोर थांबून ती वाजवायची. माणसं दारात आली की हात थांबवायचा आणि मग ‘ऐका हो ऐका’. आवाज, थांबा, मग मजकूर हा क्रम आणि कुठे उभं राहायचं याची निवड, या दोन गोष्टी आजही जाहिरातीचा धंदा करणाऱ्याला शिकाव्याच लागतात. एक गोष्ट मात्र कौतुकाच्या भरात विसरायला नको. हलगी वाजवणं हे गावकीतलं लादलेलं काम होतं. मांग आणि महार समाजातल्या ज्या माणसांनी गावाचं लक्ष वेधण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्यांना काय पुकारायचं हे ठरवण्याचा अधिकार गावाने दिला नव्हता.

आवाजाच्या या शाखेचं पुढं काय होतं हे संक्रांतीच्या सुमारास सोलापुरातल्या होम मैदानावर पाहावं. सिद्धेश्वराच्या यात्रेतला गड्डा, म्हणजे जत्रा, भरली की मौत का कुआँ, पाळणे, खेळण्यांचे स्टॉल, सगळ्यांचे भोंगे एकदम सुरू. शेजारच्याचा भोंगा वाढला की आपला वाढवायचा. तासाभरात कुणाचंच काही ऐकू येत नाही आणि लोक खाण्याच्या वासाच्या दिशेने चालू लागतात.

छापील जाहिरातीची सुरुवात याच्या अगदी उलट, दबक्या आवाजात झाली. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला निघालं. त्या काळच्या पत्रांत जाहिरात म्हणजे सूचनाच असे. मजकुराच्याच खिळ्यांत, म्हणजे टायपांत, चित्र नाही, मोठा मथळा नाही. पानं मुळात कमी आणि वाचणारा अख्खं वाचून काढणारा. ओरडायची गरजच नव्हती. पुढे १८६९ ला निघालेल्या जावजी दादाजींच्या निर्णयसागरसारख्या छापखान्यांनी देवनागरीचे सुबक, निरनिराळ्या मापांचे खिळे पाडले आणि ठळक मथळा मराठीत शक्य झाला.

माझ्या मते खरी उडी मात्र खिळ्यांची नाही, टपालाची आहे. व्ही.पी. म्हणजे किंमत टपालवाल्याच्या हाती द्यायची आणि माल घ्यायचा, ही सोय हिंदुस्थानात १८७७ ला आली. पाव आण्याचं पोस्टकार्ड १८७९ ला. ‘केसरी’ निघाला १८८१ ला. चार-पाच वर्षांत सगळी यंत्रणा जुळून आली. बार्शी किंवा करमाळ्याच्या माणसाने पेपरात औषधाची, घड्याळाची, पुस्तकाची जाहिरात वाचायची, पाव आण्याचं कार्ड टाकायचं आणि घरबसल्या पार्सल सोडवायचं. क्लिकचा आजा म्हणजे हे कार्ड. शिवाय जाहिरातीच्या तळाशी बारीक अक्षरात विनंती असे की मागणी करताना या पत्राचा उल्लेख करावा. ही विनंती सौजन्याची नव्हती. कोणत्या पेपरातल्या जाहिरातीमुळे किती कार्डं आली, हे दुकानदाराला मोजायचं होतं. लक्ष वेधलं गेलं की नाही हे पहिल्यांदा आकड्यात कळू लागलं, आणि आकडा कळला की तो वाढवायचा मोह आलाच.

पण पेपर वाचणारे किती? सोलापुरात १८७७ ला सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे आपली जुनी गिरणी, उभी राहिली. कामाला आणि बाजाराला येणारी माणसं मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी. त्यातली बहुतेक निरक्षर. एका लिपीत नाव छापून भागणार नव्हतं. कापडाच्या धंद्याने यावर तोडगा काढला होता तो चित्राचा. ठाणावर रंगीत कागद चिकटवायचा, त्यावर देवी, हत्ती, वाघ, राणी. गिऱ्हाईक नाव विचारत नसे, छाप विचारत असे. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ ला निघाल्यावर देवादिकांची रंगीत चित्रं घरोघरी गेली आणि तीच पुढे लेबलांवर, कॅलेंडरांवर, काडेपेट्यांवर उतरली. लक्ष्मीच्या चित्राचा कागद फाडून टाकायला कुणाचा हात धजावणार? तो भिंतीवर लागे. जाहिरात देव्हाऱ्यापर्यंत पोचण्याची ही युक्ती मला या सगळ्या इतिहासात सर्वांत हुशार वाटते.

छापाची ही विद्या विडीच्या बंडलावरही आली. सोलापुरात हजारो बायका विड्या वळून घर चालवतात, त्यामुळे इथे हा विषय चुलीपर्यंतचा. पूर्वी बंडलाच्या कागदावर छाप, आकडा, मालकाचा फोटो असा थाट असे. १ एप्रिल २०१६ पासून तंबाखूच्या वेष्टनाचा ८५ टक्के दर्शनी भाग धोक्याच्या चित्राने व्यापला पाहिजे असा नियम लागू झाला. विडी कारखानदारांनी विरोध केला. मला यात गंमत वाटते ती ही की मोठं चित्र, भडक रंग, थोडे शब्द ही जाहिरातदारांचीच सगळी हत्यारं सरकारने उचलली, माल खपू नये म्हणून.

सिनेमाने आकार वाढवला. दादासाहेब फाळके मूळचे छपाई आणि चित्रांच्या धंद्यातले. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ ला आला तेव्हा एका गावी नाटकापेक्षा खेळ छोटा म्हणून प्रेक्षक फिरकेनात. त्यांनी जाहिरात बदलली: सत्तावन्न हजार फोटोंचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र, फक्त तीन आण्यांत.  लांबी फिल्मचीच, पण फुगवून सांगितलेली. गर्दी झाली. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः रंगवली. ‘कल्याण खजिना’चं १९२४ चं पोस्टर आज उरलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत गणलं जातं. आणि पंढरपुरात १९१५ ला जन्मलेला एक मुलगा पुढे मुंबईत परांचीवर उभा राहून सिनेमाचे अजस्र फलक रंगवू लागला. रस्त्यावरून, लांबून, चालत्या ट्राममधून ओळखू यावा एवढा मोठा चेहरा काढायचा तर बारकावे सोडावे लागतात, रेघ जाड आणि ठाम लागते. मकबूल फिदा हुसेन यांच्या घोड्यांत ती रेघ शेवटपर्यंत राहिली.

आतापर्यंत सांगितली ती घराण्याची थोरली पाती: अधिक मोठं, अधिक भडक, अधिक आवाज. धाकटी पाती वेगळी निघाली. तिचं म्हणणं असं की ओरडण्यापेक्षा मजकुरात मिसळून जावं.

या पातीचा मराठीतला सर्वांत प्रामाणिक माणूस सोलापूरचाच. शंकरराव किर्लोस्कर, म्हणजे शंवाकि, यांचा जन्म सोलापूरचा. शिक्षण चित्रकलेचं, हात व्यंगचित्रांचा. चुलते लक्ष्मणराव किर्लोस्करवाडीला लोखंडी नांगर आणि यंत्रं बनवत होते, आणि मालाची जाहिरात शंकररावांकडे. १९२० मध्ये त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याची आणि मालाची खबर गिऱ्हाइकांना द्यावी हा मूळ हेतू. पण नुसत्या नांगराच्या बातम्या कोण वाचणार? म्हणून लेख आले, गोष्टी आल्या, चित्रं आली, आणि बघता बघता कारखान्याचं पत्रक महाराष्ट्रातलं एक वजनदार मासिक झालं. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध त्यात छापून आले. पाठोपाठ १९३० ला ‘स्त्री’ आणि १९३४ ला ‘मनोहर’. जाहिरातीने एवढं मोठं वाङ्मय पोसल्याचं दुसरं उदाहरण मराठीत मला ठाऊक नाही. मी याला प्रामाणिक म्हणतो ते एका कारणाने: कंपनीचं नाव मुखपृष्ठावर, मोठ्या अक्षरात होतं. कोण बोलतंय हे वाचकाला पहिल्या क्षणी ठाऊक होतं.

नाव झाकलं की काय होतं ते २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्राने पाहिलं. उमेदवारांची स्तुती बातम्या म्हणून छापली गेली, वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत तोच मजकूर शब्द न बदलता आला. ‘पेड न्यूज’ हा शब्द तेव्हापासून घरोघरी झाला आणि प्रेस कौन्सिलला चौकशीसाठी उपसमिती नेमावी लागली.

इंटरनेटवर या दोन्ही पात्या पुन्हा भेटतात, आणि त्याही झटपट. वेबवरच्या गाजलेल्या पहिल्या बॅनर जाहिरातींपैकी एक २७ ऑक्टोबर १९९४ ला ‘हॉटवायर्ड’ या अमेरिकी वेबसाइटवर लागली, एटी अँड टी कंपनीची. पाहणाऱ्यांपैकी ४४ टक्के लोकांनी ती दाबली असं सांगतात. आज साध्या बॅनरवर शंभरात एकही दाबत नाही. चारच वर्षांत, १९९८ मध्ये, अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या बेनवे आणि लेन या अभ्यासकांना काही विलक्षण दिसलं. त्यांनी लोकांना एका पानावरची माहिती शोधायला सांगितली आणि तीच माहिती ठळक, रंगीत बॅनरमध्ये ठेवली. लोकांना ती सापडेना! बॅनरसारखं दिसतंय म्हणजे जाहिरात, म्हणजे बघायचंच नाही, असं डोळ्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. होम मैदानावरच्या भोंग्यांचं जे होतं तेच.

थोरल्या पातीने यावर पॉप-अप काढला, वाचणाऱ्याच्या तोंडावर उडी मारणारी खिडकी. तो काढणाऱ्यांपैकी ईथन झुकरमन यांनी २०१४ मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. धाकट्या पातीला २००३ मध्ये गुगलची अ‍ॅडसेन्स योजना मिळाली. कुणीही आपल्या पानावर जाहिरातीची जागा द्यावी आणि क्लिकमागे पैसे घ्यावेत, असा तेव्हा तिचा हिशोब होता. गुगल स्वतःच सल्ला देई: जाहिरातीचे रंग पानाशी मिसळा, नाहीतर पूरक ठेवा, नाहीतर उठून दिसतील असे ठेवा. बहुतेकांना पहिला सल्ला फळला. चौकट काढली, दुव्यांचा निळा रंग जाहिरातीलाही दिला, की क्लिक वाढत. मग अतिशहाण्यांनी चार जाहिरातींच्या डोक्यावर चार छोटे फोटो लावले, जणू जाहिरातींचेच. डिसेंबर २००६ मध्ये गुगलने ते बंद केलं. जाहिरातीकडे बाण दाखवणं, ‘इथे दाबा’ म्हणणं हेही नियमात बसत नाही. खातं बंद होतं.

मराठी पानांना हे दार उशिरा उघडलं. अ‍ॅडसेन्सने हिंदीला २०१४ मध्ये घेतलं, मराठीची पाळी त्यानंतर काही वर्षांनी आली. तोवर वाचणाऱ्यांच्या हाती मोबाइल आले होते, आणि मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर एक नवाच क्लिक जन्माला आला: चुकून पडलेल्या अंगठ्याचा. काही पानं त्याच्यावरच जगतात. ‘पुढे वाचा’च्या अगदी खाली जाहिरात, मधे केसभर जागा. याला लक्ष वेधणं म्हणत नाहीत. यात वाचणाऱ्याने जाहिरात पाहिलेलीच नसते.

थोरल्या पातीचा हट्ट कुठवर जातो हे १३ मे २०२४ ला घाटकोपरला दिसलं. चाळीस बाय चाळीस फुटांची मर्यादा असताना १२० बाय १२० चा फलक उभा होता. वादळात तो पेट्रोलपंपावर कोसळला आणि १७ माणसं गेली. बेकायदा फलकांविरुद्ध साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ लाच निकाल दिला होता, आणि मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्धचा राज्याचा कायदा तर १९९५ चा. तरीही सोलापुरातल्या चौकाचौकांत सिग्नल डिजिटलच्या मागे शोधावा लागतो.

धाकट्या पातीला आता कुठे लगाम लागतो आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ऑनलाइन फसवणुकीच्या १३ प्रकारांवर बंदीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. बातमीचा किंवा लेखाचा वेष घेतलेली जाहिरात त्यांत आहे. असं पान दिसलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मराठीतून तक्रार करा.