चित्रपट-विश्लेषण : प्रमुख संकल्पना आणि सिद्धांत

चित्रपट, दूरचित्रवाणी मालिका, जाहिरात किंवा बातमीपत्र यांतील दृश्ये, ध्वनी, संकलन आणि कथन बारकाईने तपासून त्यांतून अर्थ कसा घडतो, हे पुराव्यानिशी दाखवणारी अभ्यासपद्धती. परीक्षणात कलाकृतीच्या गुणदोषांचा निवाडा अपेक्षित असतो. विश्लेषणात तो निवाडा ज्यावर उभा राहील ती घडण उलगडून दाखवायची असते. गेल्या शंभर वर्षांत या क्षेत्रात अनेक सिद्धांत पुढे आले आणि त्यांतला प्रत्येक सिद्धांत आधीच्याला खोडून काढत आला, असे पाठ्यपुस्तकांतून अनेकदा सांगितले जाते. ही मांडणी अपुरी आहे. या सिद्धांतांमधला खरा वाद अर्थ नेमका कुठे घडतो याविषयी आहे : एका चौकटीच्या आत, दोन चौकटींच्या जोडणीत, कथेच्या रचनेत, की पाहणाऱ्याच्या मनात आणि समाजात. अर्थ या सर्वांच्या परस्परसंबंधात घडतो आणि म्हणून कोणताही सिद्धांत पडद्यावरच्या नेमक्या पुराव्याशी जोडून दाखवता आला तरच ग्राह्य धरावा, ही भूमिका या नोंदीत घेतली आहे.

जोडणीचा विचार सर्वप्रथम क्रांतीनंतरच्या रशियात पद्धतशीरपणे झाला. लेव्ह कुलेशॉव्हने इव्हान मोझ्झुखिन या नटाच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच तुकडा सूपची वाटी, शवपेटी आणि स्त्री अशा वेगवेगळ्या दृश्यांना जोडला. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर भूक, दुःख आणि अभिलाषा दिसली, असे या प्रयोगाचे वर्णन केले जाते. सेर्गेई आयझेन्स्टाइनने त्यापुढे जाऊन दोन दृश्यांच्या संघर्षातून तिसरीच कल्पना जन्मते, असे प्रतिपादन केले. ‘बॅटलशिप पोटेम्किन’ (1925) मधल्या ओडेसाच्या पायऱ्यांवरील हत्याकांडात सैनिकांची एका लयीत उतरणारी रांग आणि सैरावैरा धावणारी माणसे आलटून पालटून येतात. तिथली दहशत कोणत्याही एका चौकटीत सापडत नाही. यावर एक रास्त आक्षेप आहे. कुलेशॉव्हची मूळ फीत आज उपलब्ध नाही, प्रयोगाची वर्णने एकमेकांशी जुळत नाहीत आणि 1992 मध्ये स्टीफन प्रिन्स व वेन हेन्स्ली यांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा अपेक्षित परिणाम मिळाला नाही. पुढे 2016 मध्ये झालेल्या एका प्रयोगात मात्र संदर्भानुसार चेहऱ्याचे वाचन काही प्रमाणात बदलते, असे आढळले. म्हणजे संकलनाची सत्ता निरपवाद नाही, पण ती कल्पितही नाही. आयझेन्स्टाइनचा सिद्धांत नियम म्हणून डळमळीत झाला, तरी ‘या दृश्याच्या आधी आणि नंतर काय आहे?’ हा त्याने शिकवलेला प्रश्न प्रत्येक विश्लेषणात विचारावाच लागतो.

फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ याने नेमका उलट आग्रह धरला. छायाचित्रात वस्तूचा खरा ठसा उमटतो, तेव्हा वास्तवाचे तुकडे करून त्यांतून ठराविक अर्थ लादण्यापेक्षा दीर्घ शॉट आणि खोलवर स्पष्ट दिसणारी चौकट श्रेष्ठ, असे त्याचे म्हणणे होते. त्यामुळे कुठे पाहायचे हे प्रेक्षक स्वतः ठरवू शकतो. ‘सिटिझन केन’ (1941) आणि इटलीतला नववास्तववाद ही त्याची आवडती उदाहरणे. इथूनच दृश्ययोजना ही संकल्पना, म्हणजे पात्रांची जागा, प्रकाश, वेशभूषा, नेपथ्य आणि कॅमेऱ्याचे अंतर यांचा एकत्रित विचार, विश्लेषणाच्या केंद्रस्थानी आली. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (2014) मध्ये कॅमेरा बहुतेक वेळा दूर आणि स्थिर असतो. खटल्यातला महत्त्वाचा माणूस कोणता हे तो बोट दाखवून सांगत नाही. शेवटाकडे न्यायालयाचे दालन रिकामे होते, दिवे मालवले जातात, तरी शॉट संपत नाही. संस्थेची निर्विकार दिनचर्या हाच चित्रपटाचा विषय आहे, हे त्या लांबलेल्या क्षणातून कळते. मात्र बाझँचे ‘प्रेक्षकाचे स्वातंत्र्य’ अक्षरशः घेता येत नाही. कॅमेरा कुठे ठेवायचा आणि शॉट केव्हा तोडायचा हे दिग्दर्शकच ठरवतो, त्यामुळे दीर्घ शॉटही रचलेलाच असतो. बाझँ आणि आयझेन्स्टाइन यांच्यातला वाद वास्तव विरुद्ध कृत्रिमता असा नसून, प्रेक्षकाच्या लक्षाला वळण देण्याच्या दोन रीतींचा आहे.

1960 च्या सुमारास चिन्हमीमांसेने या चर्चेला नवी परिभाषा दिली. रोलाँ बार्तने ‘मिथॉलॉजीज’ (1957) मध्ये फ्रेंच ध्वजाला सलाम करणाऱ्या कृष्णवर्णीय तरुण सैनिकाचे चित्र असलेल्या एका नियतकालिकाच्या मुखपृष्ठाचे विश्लेषण केले. चित्राचा वाच्यार्थ एवढाच की एक सैनिक सलाम करतो आहे. पण त्यावर दुसरा अर्थ चढतो, तो असा की साम्राज्य सर्वांचे आहे आणि सर्व जण त्यात खूश आहेत. सत्तेची गोष्ट निसर्गनियमासारखी भासवणे हेच या दुसऱ्या अर्थाचे काम. क्रिस्तियाँ मेत्झने चित्रपट भाषेसारखा असतो का, हा प्रश्न हाती घेतला आणि शॉट म्हणजे शब्द नव्हे, असा निष्कर्ष काढला. शॉटचा शब्दकोश होत नाही, कारण प्रत्येक शॉट नव्याने घडतो. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (2013) मधला डुक्कर पकडण्याचा प्रसंग या पद्धतीने उलगडतो. धावपळ चालू असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, डुक्कर पकडणारे कुटुंब जागच्या जागी स्तब्ध उभे राहते आणि डुक्कर निसटते. पुढे काठीला बांधलेले डुक्कर शाळेच्या भिंतीसमोरून नेले जाते; त्या भिंतीवर आंबेडकर, फुले यांच्यासारख्या समाजसुधारकांची चित्रे आहेत. राष्ट्रगीत आणि भित्तिचित्रे यांचे सर्वमान्य अर्थ अबाधित ठेवूनच दिग्दर्शक त्यांना जातीच्या अपमानाशेजारी उभे करतो. चिन्ह तेच राहते, पण शेजार बदलल्यामुळे समतेचे आश्वासन आणि तिचा अभाव एकाच चौकटीत दिसू लागतो.

कथनाच्या अभ्यासात व्लादिमीर प्रॉपचे ‘लोककथेचे रूपविज्ञान’ (1928) हे मूळ पुस्तक. रशियन परीकथांत 31 घटनाकार्ये ठरावीक क्रमाने येतात, असे त्याने दाखवले. हा साचा चित्रपटांना सरसकट लावण्याचे प्रयत्न झाले आणि ते बरेचसे यांत्रिक ठरले. कोणती गोष्ट साच्यात बसते यापेक्षा ती साचा कुठे मोडते, हे पाहणे अधिक फलदायी असते. डेव्हिड बॉर्डवेलने 1985 मध्ये रशियन रूपवाद्यांचा भेद पुन्हा वापरात आणला : घडलेल्या घटनांचा काळक्रम वेगळा आणि त्या प्रेक्षकापुढे मांडण्याचा क्रम वेगळा. या दोहोंमधले अंतर प्रेक्षक अंदाज बांधत भरून काढतो. चित्रपटप्रकाराची संकल्पनाही याच अंदाजांवर उभी आहे. ‘सैराट’ (2016) चा पूर्वार्ध गाणी, विहीर, शेत आणि चोरट्या भेटी यांतून प्रेमपटाची सर्व आश्वासने देतो. शेवटच्या प्रसंगात ध्वनीच काढून घेतला जातो. त्या शांततेची धार आधीच्या संगीतामुळे येते. हा शेवट एकटा कापून दाखवला तर तो भीषण वाटेल, पण विश्वासघातासारखा लागणार नाही. प्रकारविषयक अपेक्षा हा पुरावा कसा असू शकतो, याचे हे स्पष्ट उदाहरण आहे.

हे सारे ठरवणारा कोण, या प्रश्नाला फ्रान्स्वा त्रुफोने 1954 मधल्या ‘काइए द्यु सिनेमा’तील लेखातून दिलेले उत्तर म्हणजे दिग्दर्शक. अमेरिकेत अँड्र्यू सॅरिसने 1962 मध्ये या कर्तृत्ववादाला सिद्धांताचे रूप दिले. व्यावसायिक चौकटीत काम करणाऱ्या दिग्दर्शकांनाही शैली असते, हे त्यामुळे मान्य झाले. पण लेखक, संकलक, ध्वनिमुद्रक आणि निर्मितिसंस्था यांचा वाटा झाकला गेला. प्रभातसारख्या कंपनीत तंत्रज्ञ, नट आणि दिग्दर्शक एकाच आवारात काम करत. तिथल्या चित्रपटाला एकाच नावाची मालकी देणे इतिहासाला धरून होत नाही. दिग्दर्शकाची मुलाखत हा उपयुक्त दुवा आहे, पण पडद्यावर जे सिद्ध होत नाही ते केवळ त्याने सांगितले म्हणून अर्थ ठरत नाही.

लॉरा मल्व्ही यांच्या 1975 मधल्या ‘स्क्रीन’ नियतकालिकातील निबंधाने प्रश्नाचा रोखच बदलला. हॉलिवूडच्या अभिजात चित्रपटांत पुरुष पाहतो आणि स्त्री पाहिली जाते. कॅमेरा, नायक आणि प्रेक्षक या तिघांची नजर एकाच दिशेने वळवली जाते, असे त्यांनी मनोविश्लेषणाच्या आधारे दाखवले. यात स्त्री-प्रेक्षकाचे काय, हा आक्षेप लगेच आला आणि मल्व्ही यांनी 1981 मध्ये स्वतः त्यावर पुन्हा लिहिले. बेल हुक्स यांनी 1992 मध्ये दाखवून दिले की कृष्णवर्णीय स्त्रिया या नजरेत सामील होण्याऐवजी तिला विरोध करत पाहत आल्या आहेत. व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ (1937) याच वादात पुरावा म्हणून मांडता येतो. जरठविवाह नाकारणारी नीरा तिथे पाहणारी आहे. वृद्ध नवरा आरशासमोर स्वतःला न्याहाळतो आणि हास्यास्पद ठरतो. पुरुषी नजर हा सर्वत्र लागू पडणारा नियम नसून, प्रत्येक चित्रपटात तपासून पाहण्याची शक्यता आहे, हे यावरून कळते. ‘फँड्री’त पाहण्याची हिंसा जातीची आहे : गाव हसत पाहते, आणि अखेरीस नायक जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. प्रेक्षक त्या बघ्यांच्या रांगेत बसलेला आहे, हे चित्रपट शब्दाविना सांगतो.

हा प्रेक्षक मात्र एकसंध नसतो. बर्मिंगहॅमच्या समकालीन संस्कृती अभ्यासकेंद्रात स्टुअर्ट हॉलने 1973 मध्ये मांडले की संदेश घडवणारा त्यात एक अर्थ गुंफतो, पण घेणारा तो प्रस्थापित चौकटीत स्वीकारतो, तडजोडीने घेतो किंवा विरोधात वाचतो. डेव्हिड मॉर्ले यांनी ‘नेशनवाइड’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी कार्यक्रमावर वेगवेगळ्या गटांच्या प्रतिक्रिया तपासल्या (1980) तेव्हा वर्गावरून वाचन सरळ ठरत नाही, असे दिसले; काही गटांना तर तो कार्यक्रम आपल्याशी संबंधितच वाटला नाही. सिद्धांताने प्रत्यक्ष तपासणीला सामोरे जाऊन स्वतःला दुरुस्त करून घेतल्याचे हे चांगले उदाहरण आहे.

या सर्व संकल्पना पाश्चात्त्य आहेत, भारतीय चित्रपटाला त्या लावू नयेत, हा आक्षेप वारंवार घेतला जातो. त्यात तथ्य आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) पासून पात्रे प्रेक्षकाला सामोरी उभी राहतात; ‘संत तुकाराम’ (1936) मध्ये विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम जणू दर्शनासाठी समोर असतो. चोरून पाहणाऱ्या प्रेक्षकावर बेतलेला सिद्धांत इथे अडखळतो. पण हीच अडचण ओळखून आशिष राजाध्यक्ष आणि गीता कपूर यांनी 1987 मध्ये सन्मुखतेची संकल्पना विकसित केली, आणि गाणी व मध्यंतर हे केवळ व्यत्यय नसून रचनेचे घटक आहेत, असे ललिता गोपालन यांनी 2002 मध्ये मांडले. सिद्धांत नाकारल्याने ही समज आली नाही. तो इथल्या चित्रपटांवर घासून पाहिल्याने आली. दुसरा आक्षेप बॉर्डवेल आणि नोएल कॅरल यांचा : सर्वव्यापी सिद्धांत ठरलेलीच उत्तरे शोधतात, तेव्हा छोटे, तपासता येणारे प्रश्न विचारावेत (1996). पुराव्याचा त्यांचा आग्रह स्वीकारार्ह आहे. तरी जात, लिंगभाव आणि सत्ता यांचे प्रश्न ‘मोठे’ म्हणून बाजूला ठेवले, तर ‘फँड्री’मधल्या दगडाचे वर्णन करता येईल, त्याचा रोख मात्र सांगता येणार नाही.

म्हणून चांगल्या विश्लेषणाची कसोटी दुहेरी आहे. त्यात केलेले प्रत्येक विधान एखाद्या शॉटवर, ध्वनीवर किंवा जोडणीवर बोट ठेवून दाखवता आले पाहिजे. आणि ते बोट ठेवल्यावर, हे असेच का रचले व कोणासाठी, या प्रश्नाचे उत्तरही मिळाले पाहिजे. पहिल्या अटीवाचून सिद्धांत मतप्रदर्शन ठरतो आणि दुसरीवाचून विश्लेषण केवळ वर्णन राहते. दिवसाचे कितीतरी तास पडद्यासमोर घालवणाऱ्या समाजात ही कसोटी तज्ज्ञांपुरती ठेवणे परवडणारे नाही. शाळा-महाविद्यालयांत कविता जशी ओळ न् ओळ शिकवली जाते, तसा चित्रपटही शॉटनिशी शिकवला गेला पाहिजे.