सापाच्या हृदयाचा धडा

दोंडाईचा येथील मिरची बाजारात हयात घालवलेल्या आमच्या काकांना डॉक्टरांनी सांगितले, "रोहिण्या फार बारीक आहेत, बायपास जमणार नाही." तरी पुढे काही वर्षे काका स्टेशनपर्यंत पायी जात. अँजिओग्राफीत बंद रोहिणीच्या कडेने केसासारख्या रेघा दिसल्या होत्या. अशा आडवाटा मुद्दाम वाढवता येतील का, याचा माग काढत मी मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या इतिहासापाशी पोहोचलो.

फेब्रुवारी १९६८ मध्ये आशियातील पहिले हृदयारोपण करणारे डॉ. प्रफुल्लकुमार सेन अनेकांना ठाऊक असतात. त्यांचे १९६५ चे काम मात्र मागे पडले. उडवाडिया, किनारे आणि परुळकर या सहकाऱ्यांसह त्यांनी 'ट्रान्समायोकार्डियल अ‍ॅक्युपंक्चर' ही पद्धत मांडली. सापाच्या हृदयाच्या स्नायूला बरेचसे रक्त थेट कप्प्यातून, स्पंजासारख्या पोकळ्यांतून मिळते. मग माणसाच्या हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याच्या भिंतीला सुईने छिद्रे पाडली तर?

छिद्रे बुजत. पुढे अमेरिकेत सुईच्या जागी लेसर आला आणि १९९८ मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली. लेसरची छिद्रेही बुजत, तरी काही रुग्णांची छातीतली कळ कमी होई. जखमेभोवती नव्या वाहिन्या फुटतात, असे काहींनी म्हटले. वेदनेच्या नसा जळतात, असे इतरांनी. उपचारावरील विश्वासाचा परिणाम, असेही उत्तर आले.

१९८९ मध्ये वाहिन्या फुटवणारे व्हीईजीएफ हे प्रथिन ओळखले गेले. आता सुई कशाला, असे वाटले. पण २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'व्हिवा' चाचणीत साठाव्या दिवशी, चालण्याच्या कसोटीत, खरे औषध घेतलेले आणि न घेतलेले रुग्ण सारखेच ठरले.

पांझरेकाठच्या फडांवर पाणी फिरवणाऱ्या पाटकऱ्याला याचे नवल वाटले नसते. चारी खोदली, पण उतार नसला, तर ती गाळाने भरते. मोठी रोहिणी हळूहळू बंद होते तेव्हा दाबातला फरक शेजारच्या बारीक वाहिन्यांतून रक्त ओढतो. त्या ओघानेच त्या रुंदावतात. काकांच्या त्या रेघा बहुधा नव्या नव्हत्याच. आधीपासून असलेल्या वाटा वाहत्या झाल्या होत्या.

सेन यांचे उत्तर टिकले नाही, प्रश्न टिकला. हृदयारोपणाचा रुग्णही काही तासच जगला होता, तरी ती तारीख आपण जपतो. बुजलेल्या त्या छिद्रांनाही आपल्या वैद्यकाच्या इतिहासात जागा हवी.