घाटाची आठवण

मनुष्याचा जीव जसा घरात गुंततो, तसाच तो खेळाच्या मैदानातही गुंततो. लंडनमधील आर्सेनल हा फुटबॉलचा संघ १९१३ पासून २००६ पर्यंत हायबरीच्या मैदानावर खेळला. पुढे संघ नव्या जागी गेला आणि हायबरीला लोकांची राहती घरे झाली. मुंबईत १९३७ साली उभ्या राहिलेल्या ब्रेबोर्न स्टेडियमकडून कसोटी सामन्यांचा मान १९७५ साली वानखेडेकडे गेला, तेव्हाही जुन्या प्रेक्षकांना असाच चटका लागला. मैदान बदलले म्हणजे खेळ बदलत नाही, हे खरे. परंतु प्रेक्षकाच्या लेखी काहीतरी कायमचे मागे राहते. पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत असे मैदान म्हणजे बैलगाड्यांचा घाट होय.

घाट म्हटला की शहरवासीयास या मुलखातला नाणेघाट आठवावा, हे स्वाभाविक आहे. सातवाहनांच्या शिलालेखाने तो इतिहासात अजरामर झाला आहे. परंतु कुकडी, मीना व घोड या नद्यांच्या काठच्या शेतकऱ्याने घाट हा शब्द उच्चारला, तर पुष्कळदा त्याच्या मनात गावाबाहेरची एक चढती धाव असते. तिला ना तटबंदी, ना छप्पर, ना कायमच्या बैठका. दोन्ही अंगांच्या उतरणी, बांध आणि झाडांच्या सावल्या हेच तिचे प्रेक्षागार. वर्षाचे बहुतेक दिवस तेथे गुरे चरतात. गावच्या यात्रेचा दिवस उजाडला म्हणजे मात्र पाय ठेवावयास जागा उरत नाही.

या भागातील शर्यतीची रीत इतर प्रांतांहून निराळी आहे. हलक्या गाड्यास चार बैल जुंपावयाचे. पुढची जोडी जुकाटाची आणि मागची धुरेची. त्यांच्याही पुढे घोडीस्वार दौडत असतो. धावत्या गाड्यात हाकणारा कोणी बसत नाही. गाडे एकमेकांशेजारी न पळता एकामागून एक सोडतात आणि प्रत्येकाची बारी घड्याळावर मोजली जाते. निशाण पडल्यापासून चांगला गाडा बारा-तेरा सेकंदांत घाट चढून जातो. सर्वांत कमी वेळात पोचलेला गाडा त्या दिवसाचा ‘घाटाचा राजा’ ठरतो. बारा सेकंदांच्या या खेळासाठी वर्षभर बैलास खुराक द्यावयाचा, नदीत पोहणी द्यावयाची, लेकराप्रमाणे त्यास जपावयाचे, हा हिशेब व्यवहारी माणसास सहसा उमगत नाही. नामांकित बैल मेला असता त्याचा दशक्रियाविधी करणारी घरेही या भागात आहेत.

यात्रेशी या शर्यतीचे नाते जवळचे आहे. आंबेगाव तालुक्यात नागापूरनजीक थापलिंगाच्या गडावर खंडोबाचे ठाणे असून पौष पौर्णिमेस तेथे यात्रा भरते. भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या त्या गर्दीत नवसाचे बैलगाडे पळतात. म्हणजे तेथे गाडा पळविणे हा खेळ असतो, तसेच देवाचे देणे फेडणेही असते. शौकिनांच्या आठवणी ऐकाव्यात तर त्यांत बक्षिसाची रक्कम फारशी आढळत नाही. कोणत्या साली कोणता बैल जुकाटाला होता, कोणत्या बांधावर वडिलांनी खांद्यावर बसवून बारी दाखविली, निवेदकाने ‘उचल की टाक’ म्हणून आरोळी ठोकताच अंगावर कसा काटा आला, हेच त्यांत पुनःपुन्हा येते.

हे मैदान कोणी पाडले नाही. ते कायद्याने मुके झाले. केंद्र सरकारने २०११ च्या जुलै महिन्यात अधिसूचना काढून, ज्या प्राण्यांचे खेळ करण्यास मनाई आहे त्यांत बैलाचा समावेश केला. त्यानंतर ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टूबरोबर बैलगाड्यांच्या शर्यतींवरही बंदी घातली. महाराष्ट्र विधिमंडळाने २०१७ साली १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती केली. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी शर्यतींस परवानगी देण्यास मनाई केली. घाटावर गवत माजले, बैलांच्या किमती उतरल्या, कित्येकांनी दावणीचे बैल विकले. पुणे-नाशिक रस्त्यावर बैलांसह आंदोलनेही झाली.

या काळात घाटाची आठवण काढणाऱ्यास एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागे, आणि तो प्रश्न खोटा नव्हता. बैलाची शरीररचना घोड्याप्रमाणे दौडण्यासाठी नाही, असे न्यायालयाने म्हटले होते. शेपट्या पिरगाळणे, त्यांस चावा घेणे, अणकुचीदार टोचणीने व विजेच्या धक्क्याने बैल उधळविणे, असले प्रकार प्राणिमित्रांनी पुढे मांडले होते. खरा शौकीन या गोष्टी नाकारीत नसे. बैलावर जीव लावणाऱ्याने बैल छळू नये, असे तोही म्हणे. शर्यत गेली तर खिलार जातीचा बैल पाळणार कोण, हा त्याचा उलट प्रश्न होता. दोन्ही बाजू बैलाच्याच नावाने बोलत होत्या आणि बैल मात्र दावणीला उभा होता.

१६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर शर्यतींस मुभा दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने महाराष्ट्राची दुरुस्ती वैध ठरविली. आता जिल्हाधिकाऱ्याची परवानगी लागते, बैलाची वैद्यकीय तपासणी होते, काठी व टोचणी यांस मनाई आहे. नियम मोडणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

घाट परत मिळाला, हे हायबरीच्या चाहत्यांच्या नशिबी नव्हते. तथापि परत मिळालेला घाट अगदी पूर्वीचा नव्हे. साडेसात वर्षांत कित्येक बैल थकले, कित्येक जाणती माणसे निघून गेली, आणि त्या अवधीत वाढलेल्या मुलांना घाट केवळ ऐकून ठाऊक होता. पूर्वी घाटाचे रक्षण परंपरा करीत असे. आता ते पाहणाऱ्यांच्या वर्तनावर अवलंबून आहे. बैलास वेदना देऊन मिळविलेला एखादा सेकंद सबंध घाट पुन्हा मुका करू शकेल. ज्यांनी ओसाड घाट पाहिला आहे, त्यांनाच या गोष्टीची खरी किंमत कळते. आणि आपल्या आठवणींबरोबर ही जाणीवही पुढील पिढीच्या हाती देणे, हे आता त्यांचेच काम आहे.